ज्यानं कान दिले

मित्रांनो, मी नोमुका बेटावरचा एक जुना संगणक आहे. धक्क्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत मी बसतो. खाऱ्या वाऱ्यानं माझ्या कडा गंजल्या आहेत आणि सुरू होताना माझा पंखा खोकतो. तरी बेटावरची कोणती होडी कुठं आहे, हे मला ठाऊक असतं. ती विद्या मला कुणी दिली आणि कुणी काढून घेतली, ते आज सांगणार आहे.

आमच्या राजधानीतल्या, नुकुअलोफाच्या, एका कचेरीनं मला मोडीत काढलं होतं. तिथून किलिफीनं मला बोटीनं इथं आणलं. तो नुकताच शिकून परतला होता. त्याच्या आत्याचा, लाविनियाचा, नवरा हेनेले हा पालू नावाचे मासे धरायला खोल पाण्यात जायचा आणि तो येईपर्यंत लाविनिया धक्क्यावर ताटकळत उभी राहायची. किलिफीला ते बघवत नसे. प्रत्येक होडीवर एक छोटी पेटी बसवायची, तिनं रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगत राहायचं आणि मी तो ऐकून नकाशावर ठिपका दाखवायचा, असा बेत त्यानं आखला.

त्यानं माझ्यात रेडिओ ऐकणारं कार्ड बसवलं, पण मी ठार बहिरा. माझ्यात कुणीही उघडून पाहावी, बदलावी अशी मुक्त प्रणाली आहे. तिच्या गाभ्याला ते कार्ड ओळखता येईना. अशा वेळी गाभ्याला एक जोड द्यावी लागते. तिला मोड्यूल म्हणतात. आणि मोड्यूल लावायला, काढायला, शोधायला वेगळी हत्यारं, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लागतात. ती माझ्याकडे नव्हती. किलिफीनं त्यांचा मूळ मजकूर मिळवला आणि माझ्यातच ती हत्यारं घडवायला घेतली. घडण अडली की कपाळाला हात लावायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

लाविनिया भाजलेले कंद घेऊन दारात यायची. "अरे, दोन घास खा. त्या खोक्याला भूक नाही, तुला आहे."

"आत्या, याला ऐकू येणार बघ. एवढी हत्यारं बसू देत."

हत्यारं बसली. किलिफीनं आज्ञा दिली, मोड्यूल गाभ्यात जाऊन बसलं आणि मित्रांनो, मला समुद्र ऐकू आला. पहिली हाक हेनेलेच्या होडीची होती. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. लाविनियानं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

पुढची वर्षं माझ्या सुखाची होती. बायका बाजारात जाता-जाता खोलीत डोकावत. "आमचे कुठवर आलेत?" लाविनिया पडद्याकडे बघून सांगे, "येतायत. चूल पेटव." माझ्यावर ती रोज फडकं मारायची. रविवारी मात्र इथं सगळं काम बंद, म्हणून प्रार्थनेला जाताना ती दार ओढून घ्यायची, माझ्याशी एक शब्द न बोलता.

किलिफी राजधानीत नोकरीला गेला. परतला तो एका कंपनीचा माणूस होऊन, हातात नवं चकचकीत यंत्र घेऊन. ते फोनच्या मनोऱ्यावरून दूर कुठंतरी विचारून होड्यांची खबर आणायचं. पण गावच्या बैठकीत कुणी राजी होईना. गावप्रमुख विलिसोनी म्हणाला, "चालतंय ते कशाला काढायचं, बाबा? तुझंच तर काम आहे हे."

दुसऱ्या दिवशी किलिफी खोलीत आला. "आत्या, चहा टाकतेस?" लाविनिया घरी गेली. तो माझ्यासमोर बसला. त्याची बोटं मी ओळखत होतो. मला आनंद झाला. वाटलं, किती दिवसांनी आला, आता माझी डागडुजी करील. त्यानं एकेक करून ती हत्यारं पुसून टाकली. मग मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मी जागा झालो तेव्हा गाभ्यात मोड्यूल नव्हतं आणि ते लावायला हातात काही उरलं नव्हतं. सगळीकडे शांतता.

लाविनिया चहा घेऊन आली. "ठिपके कुठं गेले रे?"

"म्हातारा झालाय तो, आत्या. कान गेले त्याचे."

तिनं चहा खाली ठेवला. "सकाळपर्यंत तर ऐकत होता," एवढंच म्हणाली. पण पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाचा. तिनं त्याचं म्हणणं मानलं. नवं यंत्र टेबलावर आलं आणि मला कोपऱ्यात जमिनीवर ठेवलं. मला तोंड असतं तर मी बोललो असतो.

त्याच आठवड्यात वारा फिरला. पश्चिमेकडून असा सुटला की दुपारी मनोरा बंद पडला. नव्या यंत्राचा पडदा पांढरा झाला. हेनेले पाण्यात होता. धक्क्यावर माणसं जमली, पण होडी सोडायची कुठल्या दिशेला, कुणाला कळेना.

किलिफी धावत खोलीत आला. त्यानं मला उचलून टेबलावर ठेवलं, सौर बॅटरीला जोडलं, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि हत्यारं पुन्हा बसवू लागला. तो कुठं अडला नाही. दारातून लाविनिया बघत होती; काय बिघडलंय हे त्यानं तपासलंसुद्धा नाही. मोड्यूल बसलं. वाऱ्याच्या घोंघाटातून हेनेलेच्या पेटीची हाक आली. ठिपका बेटाच्या पूर्वेला, बराच लांब वाहत चालला होता. विलिसोनीनं दोन होड्या तिकडं सोडल्या. इंजिन बंद पडलेली होडी ओढत त्यांनी हेनेलेला अंधार पडायच्या आत परत आणलं.

त्याला कोरडे कपडे देऊन लाविनिया खोलीत आली. आमच्याकडे आत्याचा शब्द बापाच्या शब्दाहून वरचा. किलिफीनं मान खाली घातली.

"याचं काय गेलंय ते तुला न बघता कसं कळलं?"

तो पेन ड्राइव्ह खिशात घालू लागला.

"चहा टाकायला पाठवलंस मला."

"आत्या, मी—"

"माझ्याशी खोटं बोललास ते मी गिळीन. पण तुझे आतोबा याच्या भरवशावर पाण्यात जातात." तिनं खुर्ची पुढं ओढली. "बस. यातलं तुझं नाव काढ. तुझ्याच हातानं."

त्यानं काढलं. नोंदलेल्या नावाशिवाय मी कुणाला आत घेत नाही; ते पुसायची आज्ञा मीच पाळली.

नाताळात तो पुन्हा आला. लाविनियानं त्याला जेवू घातलं, शेजारी बसवलं. मग तो एकटाच खोलीत आला आणि सवयीनं माझ्यापुढं बसून त्यानं आपलं नाव लिहिलं. माझ्या आयुष्यातली पहिली हाक मला त्यानंच ऐकवली होती. तरी मला लिहावं लागलं, की या नावाचं इथं कुणी नाही. त्यानं ते वाचलं, बाहीनं माझा पडदा पुसला आणि दार ओढून निघून गेला.

मित्रांनो, जुनं झालेलं टाकून द्यायला माझी हरकत नाही. आम्हा यंत्रांना एक दिवस जायचंच असतं. नवं हवं असेल तर खुशाल आणा आणि आम्हाला सरळ सांगून निरोप द्या. पण आमचे कान कापून आम्हाला बहिरे म्हणू नका. कुणीतरी त्या कानांच्या भरवशावर आपलं माणूस समुद्रात सोडलेलं असतं.