रेफरीसाहेबांचा डावा बूट

मी बोलतोय. अहो, समोर काय बघताय? खाली बघा. आणखी खाली. हां, इथे! मी डावा बूट. शेजारी गप्प बसलाय तो उजवा, माझा जुळा भाऊ. तो स्वभावाने लाजरा आहे, त्यामुळे आमच्या दोघांची हकीकत मलाच सांगावी लागते. खरं सांगू? मला ती सांगायची भलतीच हौस आहे!

आमचा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही रंगाने तपकिरी, वजनाला हलके. तळवा पातळ, पण लेचापेचा नाही. टाचेशी कडक, म्हणजे पाय आत घट्ट बसावा. पुढचं टोक किंचित वर उचललेलं, कुणी हाक मारली की मान वर होते ना, तसं. आणि नाडीऐवजी चिकटणारा रुंद पट्टा. आमचा साचा बनवणाऱ्याला देखणेपणाशी काही घेणंदेणं नसावं. आम्हाला डब्यात भरणारी बाई शेजारणीला म्हणाली, "हे बूट आहेत की भाजलेले पाव गं?" दोघी इतक्या हसल्या की आमचं झाकण उलटं बसलं.

दुकानात आमची जागा सगळ्यात खालच्या फळीवर होती. वरच्या फळीवर उंच टाचांच्या सँडल मान ताठ करून उभ्या असत. मधल्या फळीवर धावण्याचे बूट, जिभा बाहेर काढून. गिऱ्हाईक आलं की त्याची नजर वरून मधे यायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची. आमच्यापर्यंत पोचायचा तो फक्त झाडू.

एकदा दुकानाच्या दारात एक उंच गृहस्थ येऊन थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. अंग पुढे निघालेलं, पाय मात्र उंबऱ्याशी खिळलेले. विक्रेता "या ना, या ना" म्हणतोय आणि गृहस्थ जागच्या जागी थरथरतायत. तेवढ्यात त्यांच्या मागून एक खणखणीत बायकी आवाज आला, "आपण लावलेला पाय सध्या व्यस्त आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. गृहस्थ मात्र खो खो हसले, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला, आणि सुटले! आले की आत.

हे आमचे रेफरीसाहेब. आयुष्यभर फुटबॉलच्या मैदानात शिट्टी फुंकत धावलेले. आणि तो आवाज त्यांच्या बायकोचा. काकू निवृत्त होईपर्यंत टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे घरातल्या कुठल्याही संकटावर त्यांच्याकडे एक घोषणा तयार असायची. साहेबांना पार्किन्सन्स झाला होता. त्याला कंपवात म्हणतात म्हणून लोकांना वाटतं, नुसता हात कापत असेल. पण साहेबांची खरी भानगड पायांशी होती. पाऊल उचललं जाईना, घासत यायचं, लहान लहान व्हायचं, आणि दारात किंवा अरुंद जागेत एकदम गोठायचं.

विक्रेत्याने लगेच मधल्या फळीवरचा जाडजूड बूट काढला. "हा बघा काका, ढगावर चालल्यासारखं वाटेल!"

"ढगावर? अरे बाबा, मला जमिनीवर जमेना!"

"असले घरात आहेत," काकू म्हणाल्या. "आम्हाला हलके हवेत. पातळ तळाचे. फार चिकटणारे नकोत आणि घसरणारेही नकोत. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलंय, आधी दुकानात चालून बघा आणि मगच घ्या."

विक्रेता वाकला. खूप दिवसांनी त्या फळीवर माणसाचा हात आला. मी उजव्याला म्हटलं, "अरे, पोट आत घे!"

साहेबांचा पाय माझ्यात शिरला, पट्टा आवळला गेला, आणि ते चालू लागले. दुकानाच्या त्या टोकापर्यंत, वळून परत. काकू त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. डोळे मिटून ऐकत होत्या. फोनवर जन्म काढलेली बाई, तिचा सगळा विश्वास कानांवर.

"अहो! आवाज बदलला!" त्या ओरडल्या. "फरफर गेली. टाच टेकल्याचं ऐकू येतंय!"

माझी टाच, बरं का! माझी! मला अगदी गगन ठेंगणं झालं.

साहेब आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचं तोंड पडलं. "अगं, पण ह्यात मी पेशंट दिसतो."

"पॅक करा," काकू विक्रेत्याला म्हणाल्या.

घरी आल्यावर चपलांच्या कपाटात जुन्या मंडळींशी ओळख झाली. कोपऱ्यात धावण्याचे जाड बूट होते, साहेबांच्या लेकीने हौसेने आणलेले. बिचारे ओशाळून बसले होते. "आम्ही वाईट नाही रे," ते म्हणाले. "धावणाऱ्याला आमच्यासारखा सोबती नाही. पण ह्यांचं पाऊल पुरतं उचलत नाही. आमचं रबर फरशीला धरून बसतं. पाय तिथेच, आणि साहेब पुढे!" एकदा असेच साहेब स्टुलावर कोसळले होते. उठवायला काकू धावल्या, तर साहेबांनी आडवं पडल्या पडल्या स्टुलाला पिवळं कार्ड दाखवलं होतं.

त्यांच्या शेजारी घरातल्या सपाता. "आम्हाला मागे टाचच नाही," त्या कुरकुरल्या. "आम्ही निसटू नये म्हणून ते बोटं आवळून चालतात. त्यात पाऊल आणखीच लहान होतं. आम्ही तरी काय करणार?"

आणि सगळ्यात वर, मऊ फडक्यात गुंडाळलेले काळे कुळकुळीत बूट. तळाला खिळ्यांसारखे गोल दात. मैदानावरचे. ते आमच्याशी बोललेच नाहीत.

आमचं काम सुरू झालं. फिजिओथेरपिस्ट मॅडम घरी यायच्या. त्यांनी घरातल्या अरुंद बोळीच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या होत्या. "काका, रेघ ओलांडायची. मोठ्ठं पाऊल. टाच आधी!" समोर रेघ दिसली की साहेबांचे पाय कसे कोण जाणे शहाण्यासारखे उचलले जायचे. मी वर, उजवा खाली. उजवा वर, मी खाली. आम्हाला नुसती झिंग चढायची!

एकदा साहेब खुशीत येऊन म्हणाले, "मॅडम, या बुटांनी बरा करून टाकला हो मला."

"नाही काका," त्या सरळ म्हणाल्या. "बूट म्हणजे औषध नाही. गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि व्यायाम चुकवायचा नाही. बुटाने पायातला एक अडथळा कमी केला, एवढंच. आणि हे तुमच्यापुरतं. माझ्याकडे मधुमेहाच्या एक मावशी येतात, त्यांच्या तळपायाला काही टोचलेलं कळत नाही. त्यांना निराळे बूट लागतात. तुमचे बघून कुणी घेऊ नयेत."

ऐकून मी थोडा खट्टू झालो, पण बाई खोटं बोलत नव्हती. गोळीचा अंमल उतरला की मी कितीही जोर लावला तरी पाय हलत नसे. काही दिवस असे जायचे की मी दाराशी तयार, आणि साहेब खाटेवर.

मग एक फोन आला. कामगारांच्या फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत होती. संयोजकांचं म्हणणं, चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत साहेबांनी जावं आणि सामना सुरू करून द्यावा. साहेबांनी फोन ठेवला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे बोट केलं. "माझे बूट काढ."

"कुठले?"

"माझे!"

"त्या दातांत पाय अडकणार," काकू म्हणाल्या. "तुमचं पाऊल आता पूर्वीसारखं उचलत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

दुपारी काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, तेव्हा साहेबांनी काळे बूट स्वतःच काढले. बराच वेळ खटपट करून नाड्या कशाबशा बांधल्या आणि उठले. मी खालून बघत होतो. पहिलं पाऊल बरं पडलं. दुसऱ्याला पायपुसण्यात दात रुतले. त्याच वेळी काकू दारातून आत येत होत्या, रिकामी बादली हातात घेऊन. साहेब थेट त्यांच्या अंगावर गेले. दोघं खाली, बादली जिन्यावरून गडगडत.

साहेबांना खरचटलंसुद्धा नाही. काकूंचं मनगट मात्र संध्याकाळपर्यंत टम्म सुजलं. हाड मोडलं नव्हतं, पण पट्टी बांधावी लागली.

त्या दिवशी घरात कुठलीच घोषणा झाली नाही. साहेब खुर्चीत बसून त्या पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फोन करून सांग त्यांना. मी येत नाही."

"का?"

"त्या पावांसारख्या बुटांत मी मैदानावर जाणार नाही. लोकांनी मला धावताना बघितलंय गं. आता काय बघायचं त्यांनी? आजारी म्हातारा?"

मला वाटलं, काकू रडतील. पण त्या उठल्या, बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी घेऊन आल्या, आणि मला उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"माझा एक हात कामातून गेलाय. तुमचे दोन्ही थरथरतात. मिळून होईल."

"काय होईल?"

"ह्या पावांचा काळा बूट. रेफरीचा!"

साहेबांनी ब्रश घेतला. अहो, काय सांगू ते रंगकाम! साहेबांचा हात कापायचा आणि ब्रश माझ्या अंगावर असा नाचायचा की मला गुदगुल्या आवरेनात. पॉलिश माझ्यावर लागलं, उजव्यावर लागलं, साहेबांच्या नाकावर, काकूंच्या पट्टीवर, खुर्चीच्या हातावर लागलं. काकूंनी फडक्याने माझं नाक घासलं आणि साहेबांचंही. दोघांना हसू आवरेना. संध्याकाळी लेक आली, तर दारातच थबकली. "बाबा, तुम्ही बूट रंगवताय की एकमेकांना?" मग तीही शेजारी बसली. "ते जाड बूट मी तुम्हाला न विचारता आणले ना?" ती हळूच म्हणाली. साहेब म्हणाले, "प्रेमाने आणलेस. पुढच्या वेळी मलाही ने म्हणजे झालं."

सामन्याचा दिवस कोरडा होता, गवत बारीक कापलेलं. मॅडमनी आधीच येऊन जमीन पाहून ठेवली होती, गोळी कधी घ्यायची तेही ठरवून दिलं होतं. आम्ही काळेभोर, चकचकीत. मैदानात शिरायला जाळीचं एक छोटं फाटक होतं. साहेबांच्या काखेत चेंडू. शेजारी चालायला एक तरुण लाइन्समन, म्हणजे कडेच्या रेघेवरचा पंच, दिला होता.

फाटकात आलो, आणि पाय गोठले.

खेळाडू रांगेत उभे. टाळ्या वाजत होत्या, त्या विरळ झाल्या, मग थांबल्या. साहेबांचा पाय माझ्या आत कापत होता, बोटं आवळली गेली होती. बाकावर बसलेल्या काकूंनी तोंडावर हात धरला होता. मी आणि उजवा जिवाच्या आकांताने जोर लावत होतो, पण आम्ही पडलो बूट. पाय उचलेल तर आम्ही उचलणार!

साहेबांनी नजर खाली आणली. समोरच्या गवतावर मैदानाची पांढरी रेघ होती. आयुष्यभर ह्याच रेघेच्या कडेने ते धावले होते. त्यांनी भार उजव्यावर टाकला, स्वतःशीच म्हणाले, "टाच आधी," आणि मी हवेत गेलो!

रेघेपलीकडे टाच टेकली. मग उजवा. मग मी. गवत मला धरत नव्हतं आणि सोडतही नव्हतं. टाळ्या अशा उसळल्या की माझा पट्टा थरथरला. मध्यवर्तुळ आलं. साहेब चेंडू खाली ठेवायला वाकले, हात थरथरला, आणि चेंडू निसटून माझ्यापुढे येऊन थांबला. एक कप्तान उचलायला धावला. साहेबांनी पंजा दाखवून त्याला जागीच थांबवलं. जुनी सवय!

मग ते लाइन्समनला हळू आवाजात म्हणाले, "कोपर धर रे माझं. जन्मभर ह्याच्या मागे धावलो. रेफरीने चेंडूला लाथ मारायची नसते. आज मी रेफरी नाही, पाहुणा आहे."

आणि त्यांनी मला मागे नेलं.

अहो! अहो! धप्प! चेंडूचं ते गोल, गुबगुबीत अंग माझ्या नाकावर आदळलं आणि तो निघाला. फार लांब नाही गेला, वाकडाच गेला, भलत्याच संघाकडे. कुणाला पर्वा होती? साहेब उभे होते. एका पायावरून दोन पायांवर आले, आणि उभेच राहिले. काकू बाकावर चढून ओरडत होत्या, त्यातला शब्द एकही कळत नव्हता.

त्याला आता बराच काळ झाला. आजार थांबलेला नाही. तो थांबणाऱ्यातला नाही. हल्ली साहेबांच्या पुढे धरून चालायची चाकांची चौकट असते. माझं पॉलिश उडून खालचा तपकिरी रंग दिसू लागलाय, आणि तळवा पुढून झिजून गुळगुळीत झालाय. मॅडमनी परवा बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता हे घसरतील काका, बदला." बरोबर आहे त्यांचं. काल साहेब स्वतः दुकानात जाऊन, चालून बघून, नवी जोडी घेऊन आले. ती डब्यात आहे, उद्यापासून कामाला लागेल. आज तिसऱ्या प्रहरी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतची फेरी आमची शेवटची, रस्ता कोरडा आहे म्हणून.

जाता जाता एवढंच मागतो. घरात कुणाचं पाऊल अडखळू लागलं, तर आधी त्याच्या पायात काय आहे ते वाकून बघा. कौतुकाने परस्पर बूट आणू नका. ज्याचे पाय, त्याला चालून बघू द्या. जाणत्या माणसाला विचारा. आणि कुणी दारात उभं राहिलं, तर मागून ढकलू नका हो.

चला, साहेब स्टुलावर बसलेत. पट्टा ते स्वतःच लावतात. हात कापतो, पट्टा मोज्यालाच चिकटतो, मग पुन्हा सोडवायचा. काकू शेजारी पिशवी घेऊन उभ्या आहेत आणि मदत करत नाहीत. वेळ लागणार. लागू दे. आम्हाला तरी कुठे घाई आहे?