एकच हाक

माझी बायको हौसा गेली हे मला पूर्णगडला, होड्या लागतात तिथे कळलं. ओळखीच्या एका तांडेलाने होडीवरची जुनी ताडपत्री देतो म्हटलं होतं, म्हणून आदल्या दिवशीच गेलो होतो. सकाळी साडेसातला ताडपत्री रिक्षात चढवत होतो, तेव्हा आप्पांचा फोन आला. आप्पा आमच्या वाडीचे गावकर, वाडीत त्यांचा शब्द चालतो.

"महिपत, लगेच ये. हौसाला गोळी लागली."

"जिवंत हाय ना?"

मागे बायका रडत होत्या, ते ऐकू येत होतं.

ती ताडपत्री शेतातल्या राखणीच्या माळ्यासाठी होती. माझं आणि माझ्या चुलतभावाचं, केरूचं, शेत एका बांधाला लागून आहे. भात तयार झालं की रानडुकरं येतात आणि एका रात्रीत लोळवून जातात. म्हणून राखण. एक रात्र तो, एक रात्र मी. दरवर्षी चार बांबू आणि वर पेंढा, एवढाच माळा असायचा. यंदा केरू म्हणाला, पक्का बांध, पावसात भिजायचा कंटाळा आला. मी सुतारकाम करतो. ऐनाचे चार खांब पुरले, आठ फुटांवर फळ्या ठोकल्या, वर पत्रा, बाजूंनीही पत्रे. परतीचा पाऊस आडवा येतो, त्यासाठी फटींवर ताडपत्री मारायची बाकी होती.

खिडक्या मी मोठ्या ठेवणार होतो. राखणीला चारी बाजू दिसायला लागतात. केरू खालून ओरडला, "एवढी खिडकी? वर बसून मुंबय बघायची हाय काय? एकच ठेव, वीतभर. पाऊस येतो आत."

मी वीतभर ठेवली. माझ्या हाताने ठेवली. डुक्कर हाकलायचं तर माणूस बोंब मारतो, डबा बडवतो, त्याला लपायची गरज नसते. वीतभर खिडकी लपून बसणाऱ्याला लागते. उजाडताना बांधावर भेकर चरायला येतं आणि जरा आवाज झाला की उडी मारून जातं. केरूला ते भेकर हवं होतं. त्याच्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक आहे. भेकर मारायचा परवाना कोणालाच नाही. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी रंधा मारत बसलो.

त्या रात्री त्याची पाळी होती. पाळी कोणाचीही असो, उजाडताना चहा आमच्या घरून जायचा, कारण आमचं घर जवळ. हौसा किटली घेऊन गेली. धुकं होतं, भात कमरेपर्यंत होतं, ती वाकून बांध चढत होती. केरूने आतून विचारलं, "कोण हाय?" तिने ओ दिली नाही. त्याने गोळी झाडली.

दहाव्याला आलेली माणसं म्हणत होती, "ओ द्यायला हवी होती बिचारीनं." एकाने नाही, चौघांनी म्हटलं. माझ्याच पडवीत बसून, माझ्याकडचा चहा पिऊन.

आमच्या वाडीत अंधारात, धुक्यात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. खरं-खोटं मला माहीत नाही. पण त्या चौघांपैकी एकाचीही बायको पहिल्या हाकेला ओ देणार नाही.

तेराव्यानंतर मी केरूच्या घरी गेलो. भर दुपार होती. तो जामिनावर सुटून आला होता. आप्पाही तिथेच बसले होते.

मी विचारलं, "किती हाका मारल्यास?"

"जबाबात लिवलंय ना."

"हवालदाराने वाचून दाखवलाय मला. 'हाका मारल्या, ओ मिळाली नाही.' मी तुला तोंडाने विचारतोय. किती?"

आप्पा म्हणाले, "महिपत, भाव हाय तुझा. मुद्दाम केलान काय त्यानं? आता हाका मोजून ती परत येनार हाय?"

"तुमची सून पहिल्या हाकेला ओ देते काय, आप्पा?"

आप्पांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

येसूबाई, म्हणजे माझी काकी, केरूची आई, दारात उभी होती. ती म्हणाली, "केरू, सांग त्याला. हौसा लग्न होऊन आली तवा तूच अंधारात मांगराच्या भिंतीआडून हाक मारलीस, आनि ती बापडी ओ देत भायेर गेली. पोट धरून हसलास. तवा मीच तिला शिकवलं, तीन हाकांशिवाय ओ देव नको."

केरू जमिनीकडे बघून म्हणाला, "एकच मारली. हळू मारली."

"हळू का?"

"जनावर बिचकलं असतं."

मी त्याच्या कानाखाली दिली. त्याने हात वर केला नाही, त्याचा मला जास्त राग आला.

"ऊठ. हेच ठाण्यात येऊन सांग."

"भेकराचं नाव काढलं तर मी आत जाईन, दादा."

"जा मग."

आप्पा म्हणाले, "घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

माझ्या घरात आता कोण आहे? मी एकटाच ठाण्यात गेलो आणि ऐकलं ते सगळं सांगितलं. हवालदाराने लिहून घेतलं. म्हणाला, तुम्ही तेव्हा तिथे नव्हता. केरूने स्वतः सांगायला हवं, नाहीतर तो बोलला ते ऐकणाऱ्याने पुढे यावं. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, मला हल्ली नीट ऐकू येत नाही. काकी येते म्हणाली होती. दोनदा मी रिक्षा आणली, दोनदा तिने आतून कडी लावून घेतली.

केरूच्या जबाबात अजून 'हाका मारल्या' असंच आहे. तिथे 'एक हाक मारली' असं लिहायचं राहिलं आहे.