अंडं फुटेल तिथे वेस

आमच्या डोंगरावर सहा भाषा बोलतात आणि सातवी सरकार बोलतं. मला सगळ्या थोड्या थोड्या येतात, कारण माझं शेवयांचं दुकान आहे आणि भूक सगळ्यांना लागते. म्हणून चौकीवर नवे साहेब आले, की पहिल्या दिवशी मला बोलावणं येतं. मी शान जमातीचा, वरचं गाव आखा जमातीचं, चौकीतला शिपाई जालो लाहू जमातीचा, साहेब खालच्या मैदानातले थाई. डोंगराच्या पाठीला ब्रह्मदेश.

यंदाचे साहेब अनुवत. तरुण, इस्त्रीचे, मनाने वाईट नव्हेत. सरहद्द डोळ्यांना दिसली पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात होतं. नकाशातली रेष साधारण आखांच्या वरच्या वेशीपाशी येत होती. वेस आयतीच उभी होती: दोन खांब, आडवं लाकूड, वर कोरलेले पक्षी, लाकडी बंदुका, भुतांना अडवायला बांबूच्या चांदण्या. साहेबांनी पाटी रंगवून आणली. ‘गावाच्या वेशीपलीकडे परदेश. परवान्याशिवाय जाऊ नये.’

आणि म्हणाले, "जालो, ठोक."

जालोने हातोडी हातात घेतली, वेशीकडे पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली. "साहेब, पाठीत उसण भरलीय."

"आत्ता?"

"आत्ताच."

मग साहेबांनी स्वतःच चार खिळे ठोकले आणि फोटोही काढून घेतला. मी सांगायला पुढे झालो होतो, पण ते म्हणाले, "काका, भाषांतर लागेल तेव्हा हाक मारीन."

आखांच्या वेशीला कुणी हात लावत नाही. ती उभारणारेसुद्धा उभारून झाल्यावर लावत नाहीत. लावलाच तर वेस बाटते आणि लावणाऱ्याने डुक्कर, कोंबडा नि तांदळाची दारू द्यायची असते. खिळा मारला तर काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजवर कुणी मारलाच नव्हता.

आता बूसो आजीकडे वळतो, कारण खरा गळा तिचाच आवळला गेला होता. आखा लोक आजीला आपी म्हणतात, सगळा डोंगर तिला आपी बूसो म्हणतो. तिची चहाची झाडं वेशीच्या वर होती. आजोबांनी लावलेली, माणसापेक्षा उंच, शिडी लावून खुडायची. वसंतातली कोवळी पानं आली होती. ती वेळेत खुडली तर तिचं वर्ष निघतं. नाही खुडली तर पान चिवट होतं आणि मग ते म्हशीसुद्धा खात नाहीत.

आपी चौकीवर आली. मला भाषांतराची हाक आली.

"परवाना द्या," ती म्हणाली.

"ओळखपत्र दाखवा," साहेब म्हणाले.

"नाही."

"का नाही?"

"मागच्या साहेबांनी अर्ज घेतला. त्याच्या मागच्यांनीपण घेतला. माझा जन्म इथला म्हणून कुणी लिहून देईना. आईने बाळंत होताना साहेबाला बोलवायला हवं होतं, चुकलंच तिचं."

मी यातलं मीठ थोडं कमी करून सांगितलं. साहेब म्हणाले, "ओळखपत्राशिवाय परवाना नाही. नियम माझा नाही, आजी."

"बरं. मग डुक्कर कधी आणताय?"

"कसलं डुक्कर?"

"खिळ्यांचं. हा नियमपण माझा नाही."

साहेब हसले. आपी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी गावची बैठक बसली. पुजारी लॉजे बोलायला लागला की लोक विडी विझवतात. तो म्हणाला, खिळे मारलेली वेस आता वेस राहिली नाही. नवी उभारायला हवी. कुठे, ते अंडं सांगेल. गाव वसवताना आखा अंडं टाकून जागा ठरवतात. फुटलं तर जागा मान्य, नाही फुटलं तर पुढे चालायचं. साहेबांना रीतसर निरोप गेला. कुतूहल म्हणून तेही आले.

लॉजेने जुन्या वेशीपाशी खांद्याच्या उंचीवरून अंडं सोडलं. अंडं वाळक्या पाचोळ्यात पडलं आणि गोल फिरून निजलं.

"इथे नको म्हणतंय," लॉजे म्हणाला.

वर चढलो. पुन्हा टाकलं. पुन्हा पाचोळा. एरवी वाट इतकी झाडलेली असते, की तिथे सुई सापडेल. आदल्या संध्याकाळी आपी बूसो पाचोळ्याच्या टोपल्या घेऊन याच वाटेने वर जाताना मला दिसली होती. खत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

अंडं चढत राहिलं. चहाच्या पहिल्या झाडाशी फुटलं नाही. मधल्या झाडांशी नाही. शेवटच्या झाडाच्या पलीकडे उघडा कातळ होता. तिथे मात्र त्याने कौल दिला, तोही लॉजेच्या पायावर शिंतोडे उडवून.

संध्याकाळपर्यंत वेस उभी राहिली. यंदा पक्ष्यांबरोबर एक लाकडी हेलिकॉप्टरही होतं.

साहेब लाल झाले. "तुम्ही वेस परदेशात बांधलीय."

"वेशीपलीकडे परदेश, असं तुम्हीच लिहिलंय," लॉजे म्हणाला. "आम्ही अलीकडेच आहोत."

"वेस म्हणजे ती, खालची."

"ती आता नुसतं लाकूड. वाळवी लागेल तिला."

"सरहद्द काय अंड्याने ठरते?"

आपीने विचारलं, "तुमची कशाने ठरली?"

"नकाशाने."

"कुणी टाकला होता तो?"

हे मी जसंच्या तसं सांगितलं. मीठ कमी करायचं विसरलो.

साहेब म्हणाले, "जालो, पाड ती."

"साहेब, माझ्या बायकोचं माहेर याच गावात."

"म्हणून?"

"म्हणून पाठ अजून दुखतेय."

मग साहेब स्वतःच पुढे झाले. हात खांबापासून वीतभर लांब राहिला. सगळं गाव बघत होतं. कुणी अडवलं नाही. आपी तेवढी म्हणाली, "लावा की. एक डुक्कर आहेच तुमच्याकडे, दोन होतील. पण मला पकडायचं असलं तर पानं खुडून झाल्यावर पकडा."

तिने शिडी झाडाला टेकवली आणि वर चढली. तिच्या मागून दुसरी बाई शेजारच्या झाडावर चढली. मग तिसरी, मग गावातल्या झाडून सगळ्या, चांदीच्या नाण्यांच्या टोप्या घालून. चौकीची गाडी एकच, त्यात मागे डिझेलचं पिंप. साहेबांनी झाडांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि हात खिशात घातला.

खुडणी संपेपर्यंत कुणी वाट अडवली नाही. पाटी खालीच आहे. दोन खिळे सुटलेत आणि ती तिरकी होऊन आभाळाकडे बोट दाखवते.

परवा साहेब दुकानात आले. मी चहा दिला. एक पेला झाला, दुसरा मागितला.

"कुठला हो चहा?"

"वेशीच्या आतला."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग जालो लांब आहे ना, हे पाहून हळूच म्हणाले, "काका, ते डुक्कर. केवढं लागतं?"

मी दोन्ही हात पुरते पसरून दाखवले. खरं तर त्याच्या निम्म्याने भागतं.