शुद्धिपत्र कुणासाठी

"ही खळ आहे की ताक? एक पट्टी चिकटेल तर शपथ!" अध्यक्ष अंकाच्या वेष्टनावर अंगठा दाबून पुटपुटले. निवृत्त दंतवैद्य, काहीही दाबून धरायची सवय जात नव्हती.

कवितेच्या त्रैमासिकाचा नवा अंक आजच पोस्टात पडायला हवा होता. संस्थेच्या त्या एका खोलीत टेबलाभोवती अध्यक्ष, संपादक आणि मुद्रितं तपासणाऱ्या वहिनी बसल्या होत्या. वहिनी म्हणजे संपादकांच्या मित्राची बायको. दोघा मित्रांनी मिळून हा अंक सुरू केला. मित्र गेला, आणि त्याच्या खुर्चीत वहिनी येऊन बसल्या त्या बसल्याच.

आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गेल्या अंकात दोन कवितांच्या खालच्या अर्ध्या भागांची अदलाबदल झाली होती. विहिरीवरच्या कवितेत मध्येच एक टायपिस्ट रडायला लागली होती. अंक पोस्टात गेल्यावर ते वहिनींच्या ध्यानात आलं. तेव्हापासून दारात पोस्टमन दिसला की त्या मुद्रितांत डोकं खुपसायच्या.

"आज तरी कुणाचं पत्र?"

"दोन्ही कवींची आली," संपादक मान वर न करता म्हणाले. "आभार मानलेत. एकाला आणखी प्रती हव्यात."

"चिडले नाहीत?"

"मोठ्या मनाची माणसं."

"आणि वाचक?"

"समजूतदार आहेत हो आपले वाचक!" अध्यक्ष घाईघाईनं मध्ये पडले. "वहिनी, तो ब्रश सरकवा इकडे."

ब्रश सरकवायचं सोडून वहिनींनी पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. शुद्धिपत्र. स्वतःच छापून आणलेलं.

"प्रत्येक अंकात एकेक घालू या."

"झालं गेलं, आता कशाला उकरून काढता?"

"अहो, टायपिस्ट बिचारी तीन महिने विहिरीत पडलीय. तिला वर काढायला नको?"

अध्यक्ष खो खो हसले. संपादक हसले नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी उचलली, सावकाश वाचली, अंकात घातली. दुसरी उचलली आणि हातातच धरून राहिले.

"वहिनी, हे कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? वाचणाऱ्यांसाठी."

"हा अंक वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात," संपादक म्हणाले. "माझा मित्र गेल्यापासून मीसुद्धा उघडत नाही."