सीतादहीची वाटी

"वांझोटीचा हात लावतं पऱ्हाटीले?"

ज्ञानेश्वर ओरडला आणि कपाशीच्या कुंपणातली वाळकी काडी उपसून त्यानं बायकोच्या मनगटावर ओढली. आशाबाईच्या हातातली दहीभाताची वाटी मातीत उपडी झाली. दुसरा फटका पाठीवर, तिसरा कानावर. वेचणीच्या बाया बघत राहिल्या, मध्ये एकही पडली नाही.

उंद्रीच्या शिवारात बीटी आलं, बियाण्याच्या पिशव्या बदलल्या, सीतादही तेवढं तसंच राहिलं. पहिल्या वेचणीआधी कपाशीच्या झाडापाशी दहीभात ठेवायचा, तोही लेकुरवाळीच्या हातानं. आशाबाईची कूस उजवली नव्हती, म्हणून सासू सोजराबाई दरवर्षी शेजारच्या शालूबाईला वाटी द्यायची. त्या दिवशी शालूबाईला उशीर झाला, ऊन चढलं, म्हणून आशाबाईनं वाटी उचलली. एवढाच तिचा गुन्हा.

दिवाळीनंतर ज्ञानेश्वरच्या अंडकोषाला गाठ आली. फवारणीचा पंप आदळला असेल म्हणून हा शहाणा हळदीचा लेप लावत बसला. बुलडाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर सांगितला. ऑपरेशनाआधी बीज जपून ठेवावं म्हणून तेही तपासलं, तर एकाही शुक्राणूला धड शेपूट नव्हतं.

"पेशीत हमालासारखी प्रथिनं असतात, किनेसिन म्हणतात त्यांना," बाई म्हणाल्या. "शेपटाचं सामान तेच वाहून नेतात. तुमच्यातले ते हमाल जन्मापासूनच अधू दिसतात. आणि गाठीत त्यांचेच भाईबंद नको इतके राबताहेत, एका पेशीच्या दोन करताहेत. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का, ते आज मला सांगता येणार नाही."

"म्हंजे लेकरू..."

"तुमच्या बायकोत काही दोष नाही."

आशाबाईला रडू आलं नाही. संताप आला. इतक्या वर्षांचे वळ एकदम ठणकले. परतताना एसटीत ज्ञानेश्वरनं तिचं मनगट पिरगाळलं. "गावात तोंड उघडलं तं जीभ छाटीन."

तिनं गावात कुणालाच सांगितलं नाही. तिला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, जिथे मार खाल्ला तिथेच, चारचौघींसमोर.

पुढच्या वेचणीला ज्ञानेश्वर बांधावर बसला होता. डोक्यावरचे केस गेलेले, अंगाचं चिपाड झालेलं. सोजराबाईनं वाटी शालूबाईपुढे धरली. आशाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग तिनंच पुढे होऊन वाटी घेतली.

"ठेव थे, अवदसे!" सोजराबाईची काडी तिच्या बोटांवर बसली. कातडी फाटली. दुसरा फटका गालावर. आशाबाईनं वाटी सोडली नाही आणि नवऱ्यावरची नजरही काढली नाही.

तिसऱ्या फटक्याला ज्ञानेश्वर धडपडत मध्ये आला. काडी त्याच्या मानेवर तुटली.

"मले मार, माय. दोष माह्यात हाय. तिच्यात काईच नाही."

"काय बोलतं बे?"

"लेकरू माह्याच्यानं होत नाही. डाक्टरीनबाईनं सांगतलं." तो बायांकडे वळला. "आयकलं ना समद्याईनं?"

सोजराबाईनं काडीचा उरलेला तुकडा त्याच्या तोंडावर फेकला.

आशाबाईनं झाडापाशी दहीभात ठेवला. पहिलं बोंड वेचलं. बोटाचं रक्त लागून ते लाल झालं. डागी कापूस वेगळा टाकायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं तो आपल्या ओटीत टाकला आणि ती पुढच्या झाडाकडे वळली.