रेइनोच्या गाडीचे नवे दिवे

मी एक जुनी, लांब पाठीची मोटार आहे, मित्रांनो. कागदोपत्री माझा रंग निळा. पण आमच्याकडे, मिशिगनच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, मोठ्या तळ्यावरून बर्फ येतो तो महिनोन् महिने जात नाही. तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. त्या मिठाने माझे दरवाजे खालून कुरतडून तांबूस करून टाकले आहेत. हाक मारताना मात्र सगळे अजून 'निळी'च म्हणतात.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठिणग्या उडत होत्या, ओल्या रंगाचा वास होता, आणि कुणीतरी माझे दोन्ही दिवे पहिल्यांदा लावून बघितले होते. मग ट्रकच्या पाठीवर बसून मी उत्तरेला आले आणि रेइनो लाहती नावाच्या माणसाच्या घरी पोचले.

रेइनोचे आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत कामाला आले होते. रेइनो मात्र कधी जमिनीखाली उतरला नाही. त्याने उभी हयात शाळेची बस चालवली. कुठलं वळण कुठे निसरडं होतं, कुठल्या पुलावर सगळ्यात आधी बर्फ धरतो, कुठलं पोर घरून न खाता येतं, सगळं त्याला तोंडपाठ. बसला कधी साधा ओरखडाही आला नाही. लोक म्हणत, ''रेइनोची बस आली नाही ना, मग शाळाच बंद असणार.''

त्याची बायको हेल्मी कधी गाडी शिकली नाही. ''एका घरात दोन ड्रायव्हर झाले की भांडणं होतात,'' असं ती म्हणे. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिसरा जीव म्हणजे मुस्ती, पूर्ण काळा कुत्रा. पिल्लू असताना माझ्या मागच्या भागात गोणपाटावर झोपून तो या घरात आला. मी रस्त्याकडेच्या आमच्या टपालपेटीपाशी वळले की तो ओसरीवरून धावत यायचा आणि माझ्यापुढे दुडक्या चालीने दारापर्यंत चालायचा. रेइनो वेग कमी करून म्हणायचा, ''चल रे बाबा, दाखव वाट.''

त्या काळात माझं फार कौतुक होतं, मित्रांनो. शनिवारी घरातली माणसं सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात जायची, त्याआधी मला कोमट पाण्याने अंघोळ मिळायची. रेइनो चाकांपर्यंत हात घालून मीठ धुऊन काढायचा. हेल्मी खिडकीतून ओरडायची, ''अरे, मलाही कधी इतकं चोळून अंघोळ घातली नाहीस!''

मग हेल्मीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून तीनदा शहराच्या इस्पितळात जावं लागायचं. जायला तास, यायला तास. रेइनो तोवर निवृत्त झाला होता. तो म्हणाला, ''तुझी बस मी चालवतो.'' आणि त्याने एकही खेप चुकवली नाही. पण आमच्याकडे नोव्हेंबरात चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. परतीचा रस्ता नेहमी दिव्यांवरच काढावा लागायचा.

एका संध्याकाळी तो म्हणाला, ''हेल्मी, निळीचे दिवे गेलेत गं. मेणबत्ती बरी.''

दुसऱ्या दिवशी त्याने मला आर्विडच्या गॅरेजात नेलं. आर्विड आता पन्नाशीचा. लहानपणी तो रेइनोच्याच बसमधून शाळेत जायचा. त्याने माझे जुने बल्ब काढले आणि नवे फडक्यात धरून बसवले. बल्बच्या काचेला उघडं बोट लागलं तर बोटाचा तेलकटपणा तापतो आणि बल्ब लवकर जातो. चार दिवस रेइनो खूश होता. पाचव्या दिवशी पुन्हा म्हणाला, ''मंदच आहेत.''

आर्विडने मग माझ्या दिव्यांवरची आवरणं बघितली. उन्हाने ती पिवळी पडली होती, जणू मोतीबिंदूच. त्याने ओल्या पॉलिश पेपरने ती घासली, चमकवली आणि गॅरेजच्या भिंतीवर उजेड पाडून दाखवला.

''बघा रेइनोकाका. भिंतीवरचा खिळासुद्धा दिसतोय.''

''दिसतोय की,'' रेइनो म्हणाला.

खिळा डाव्या कोपऱ्यात होता. रेइनो भिंतीच्या मधोमध बघत होता. आर्विडच्या ते लक्षात आलं. तो बराच वेळ हात धूत राहिला.

हिवाळा सरला, उन्हाळा गेला. पुढच्या थंडीत रेइनो पुन्हा गॅरेजात आला. ''ते नवे पांढरे बल्ब निघालेत ना, एलईडीचे, ते घाल हिला.''

''नको काका. हिच्या दिव्याची वाटी तारेच्या बल्बसाठी घडवलेली आहे. त्यात तो पांढरा घातला की उजेड नीट रस्त्यावर पडत नाही, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. आणि त्याची काच गरम होत नाही. दिव्यावर बर्फ बसला तर वितळणार कसा?''

''आता तू मला शिकव. बसमध्ये तुला उलटी झाली होती, ती पुसली कोणी?''

''तुम्हीच.''

''मग?''

''मग काही नाही. तरी मी बसवणार नाही.''

रेइनो रागावून निघून गेला. त्याने ते बल्ब टपालाने मागवले आणि स्वतः बसवायला घेतले. हेल्मी टॉर्च धरून उभी होती. तो मात्र बघत नव्हता, बोटांनी चाचपत होता. बोटं हुशार होती त्याची. काम झालं, त्याने दिवे लावले, आणि समोरचं कोठार दुधासारखं पांढरं झालं.

''दिवस उजाडला गं!'' रेइनो म्हणाला. त्याने हेल्मीचे दोन्ही हात धरले आणि तिला गोल फिरवलं. मुस्ती भुंकत त्यांच्याभोवती नाचला. मित्रांनो, इतका उजेड माझ्यातून कधीच पडला नव्हता. मला गर्व झाला, हे मी लपवत नाही.

पण रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्या आपल्या दिव्यांची उघडझाप करायला लागल्या. 'डोळे दिपतात, दिवे खाली कर' असा त्याचा अर्थ.

''बघ,'' रेइनो म्हणाला, ''सगळे नमस्कार करतायत. बसवाल्याला कोण विसरतंय!''

हेल्मी म्हणाली, ''हात वर कर मग. नाहीतर म्हणतील, म्हातारा माजला.''

आणि रेइनोने हात वर केला. त्यानंतर समोरून कुणी दिव्यांची उघडझाप केली की तो हात वर करायचा.

हेल्मी घरात कमी बोलणारी बाई. पण माझ्यात बसली की तिची जीभ थांबत नसे. ''अगंबाई, पुलावर बर्फ धरला वाटतं.'' ''ही बघ, शेजारच्या हायडीची टपालपेटी पुन्हा वाकली, वळण आलंच आता.'' ''डावीकडे हरणं उभी आहेत, तीन. गोड दिसतायत मेली.'' ती सगळं गप्पा मारल्यासारखं सांगायची, आणि तो गप्पा ऐकल्यासारखा वेग कमी करायचा. सुरुवातीला मला वाटे, या दोघांना म्हातारपणी नव्याने प्रेम सुचलं आहे. मग मला कळलं. रस्ता ती बघत होती. तो फक्त चाक फिरवत होता.

ते दोघंही कधी उघड बोलले नाहीत. बोलून काय झालं असतं? रेइनोने गाडी सोडली असती, तर हेल्मीला इस्पितळाजवळ शहरात राहायला जावं लागलं असतं. ते घर, ते सौना, मागची बर्चची झाडं, सगळं सुटलं असतं. म्हणून ती बोलत राहिली आणि तो बल्ब बदलत राहिला.

त्याच्या पुढच्या वर्षी नोव्हेंबरात शिकारीचा मोसम चालू होता तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी इस्पितळात हेल्मीला फार त्रास झाला. परत निघालो तेव्हा तिने डोकं खिडकीला टेकलं आणि शहराबाहेर पडायच्या आधीच तिचा डोळा लागला. रेइनोने तिच्याकडे मान वळवली. तिला उठवावं असं त्याच्या मनात आलं असणार, कारण त्याचा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला होता. पण तो हात त्याने मागे घेतला आणि तिच्या अंगावर स्वतःचा कोट टाकला.

बर्फ पडत होता. माझे नवे दिवे थंड, त्यावर बर्फाचे थर साचत गेले. रेइनोने दोनदा उतरून ते बाहीने पुसले. मग आम्ही इतक्या हळू निघालो की मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे जात होते. पूल आला, त्याने तो बरोबर ओळखला. हायडीची वाकलेली टपालपेटी आली, तिथे तो बरोबर वळला. तो रस्ता त्याला पाठ होता. आपल्या वाटेवर वळताना तो हळूच म्हणाला, ''पोचलो गं. झोप तू.''

मुस्ती ओसरीवरून धावत आला. तो आता म्हातारा झाला होता, मागचा पाय ओढायचा. माझ्या अगदी समोर येऊन तो नेहमीसारखा वळला, शेपूट हलवत चालायला लागला, आणि बर्फात घसरून बसला. पांढऱ्या बर्फावर काळा कुत्रा. माझा सगळा उजेड त्याच्या अंगावर होता. त्याच्या मिशांवरचे बर्फाचे कण मला दिसत होते. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. ब्रेकवर पाय माझा नसतो.

धक्का बसला तशी हेल्मी जागी झाली. ''काय लागलं?''

''बर्फाचं ढेकूळ असेल,'' रेइनो म्हणाला. पण त्याचा आवाज बदलला होता.

तो उतरला आणि माझ्या समोर येऊन गुडघ्यांवर बसला. बर्फात हात फिरवत राहिला. हात केसांना लागले तसे थांबले.

''हेल्मी,'' त्याने हाक मारली, ''जरा दिवे लाव गं. मला काही दिसत नाहीये.''

हेल्मी दाराला धरून उभी होती. माझ्या उजेडात तिला सगळं दिसत होतं. नवरा, कुत्रा, बर्फावरचं रक्त.

''दिवे लागलेले आहेत, रेइनो,'' ती म्हणाली.

तो तसाच बसून राहिला. त्याने मुस्तीला उचलून छातीशी धरलं. ''अजून गरम आहे गं,'' एवढंच म्हणाला. मग त्या म्हाताऱ्याने जो हंबरडा फोडला, तो मी पुन्हा कधी ऐकू नये.

सकाळी आर्विड आला. दोघांनी सौनाच्या मागे खड्डा खणला. रेइनोने माझी किल्ली आर्विडच्या हातात दिली. ''घेऊन जा हिला. माझ्या बसमध्ये त्या काळी साठ पोरं असायची. त्यातलं एखादं असतं काल, तर?''

''काका, मला गॅरेजातच कळलं होतं,'' आर्विड म्हणाला. ''तुम्हाला कसं सांगायचं तेच सुचलं नाही.''

''पोरा, उलटी पुसताना मी तुला विचारलं होतं का, कसं पुसू?''

नंतर हेल्मी एकटीच माझ्यात येऊन बसली. ''मी झोपायला नको होतं,'' ती म्हणाली. मग मान हलवून म्हणाली, ''नाही. मी आधीच बोलायला हवं होतं.''

डॉक्टरांनी रेइनोचे डोळे तपासले. पडद्याचा मधला भाग गेला होता. कडेचं अंधुक दिसे, समोरचं नाही. दोन वर्षं आधी आला असता तर औषधाने पुष्कळ दृष्टी वाचली असती, असं ते म्हणाले. ती दोन वर्षं त्याने माझ्या दिव्यांवर घालवली होती.

नाताळाआधी ते शहरातल्या दोन खोल्यांत राहायला गेले. आर्विडने मला पुन्हा तारेचे बल्ब बसवले होते. चाकावर तोच होता. रेइनो पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसला आणि हेल्मी मागे, सामानाच्या खोक्यांमध्ये. त्या संध्याकाळपासून ती फारशी बोलली नव्हती. आमच्या टपालपेटीपाशी मी वळले तरी गाडीत कुणाचा शब्द नव्हता.

पुलाजवळ रेइनो म्हणाला, ''हेल्मी, सांग ना गं.''

''आर्विडला दिसतंय की.''

''आर्विडला दिसतंय. मला सांग.''

हेल्मीने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायला लागली. पुलावर बर्फ धरलाय. नदी कडेने गोठलीये, मधे अजून काळं पाणी वाहतंय. पलीकडच्या घरी कुणी दारात दिव्यांची माळ लावलीये. शहर येईपर्यंत ती सांगत होती. आर्विड बाहीने डोळे पुसत गाडी चालवत होता.

हेल्मी मार्चमध्ये गेली. रेइनो आता वृद्धांच्या घरात असतो. मी आर्विडच्या गॅरेजामागे उभी आहे. बर्फ वितळला की तो मला एखादी फेरी मारून आणतो.

मित्रांनो, माझ्या दिव्यांना हवा तोच बल्ब घाला, काच स्वच्छ ठेवा, एवढं तर मी सांगतेच. पण तुमच्या घरातलं कुणी म्हणालं की दिवे मंद झालेत, अक्षरं बारीक छापतात, हल्ली लोक पुटपुटतात, तर नुसता नवा बल्ब आणून देऊ नका. त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा. तुमच्या माणसाला डॉक्टरकडे घेऊन जा. तो रागावेल. रागावू द्या.