पाठीवरची ओळ

रिझिकीला वागायची रीत म्हणून नाही. नव्या कांग्याचा, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडाचा, नमुना तिनं शिंप्याला दाखवला, दुकानदार तमीमला दाखवला, समोरच्या आशुरालासुद्धा दाखवला, जिला स्वतःच्या अंगावरच्या कापडाचा रंग धड सांगता येत नाही. घरात सासू बसलीय, डोळे शाबूत आहेत तिचे, तिला मात्र नाही.

सासू म्वानाकोंबो ओट्यावर बसून शिंदीच्या पानांची पट्टी विणत होती. हात चालत होते आणि तोंडही.

"ऐकतेस ना गं? की कान पण तमीमच्या दुकानात ठेवून आलीस?"

"ऐकतेय, आई," आतून रिझिकी म्हणाली.

चटया आणि टोपल्या विणायला सुनेला शिकवलं कोणी? म्हातारीनंच. त्यावर पोरीनं हिमतीनं धंदा उभा केला, झांझिबारच्या अर्ध्या बाजारात तिच्या टोपल्या लटकतात. आता तिच्या डोक्यात कापड शिरलं होतं. चटईची नक्षी कागदावर काढायची आणि कागदावरून कांग्यावर छापून घ्यायची.

"मला दाखव" असं काही म्हातारी म्हणणार नव्हती. तिनं पाणी मागितलं, आणि रिझिकी माठाकडे वळली तशी दाराजवळच्या खाटेवरचा, कापडावर रंगवलेला नमुना ओढून मांडीवर पसरला.

चारी बाजूंनी काठ होता, आणि काठात तांबडी पट्टी दोन पट्ट्यांखालून जाऊन एकीवरून वर येत होती. ही वीण म्वानाकोंबोच्या आईची. गल्लीत दुसऱ्या कोणाच्या हाताला ती नाही. म्हातारीनं त्यावरून बोट फिरवलं आणि उगाच खाकरली. मग तिचं लक्ष खालच्या काठावरच्या, ओळ छापायच्या पट्टीकडे गेलं. ती कोरी होती.

"अक्षरं कुठं गेली इथली?"

पाण्याचा पेला घेऊन रिझिकी दारातच थांबली. "नाहीत, आई. असाच छापायचाय. तमीम म्हणतो, हॉटेलवाले घेतील. उशांना, पडद्यांना."

"उशांना! अगं, कांगा म्हणजे बाईचं दुसरं तोंड. तू त्याला मुका करून लोकांच्या डोक्याखाली घालणार?"

म्वानाकोंबो शाळेत गेली ती जेमतेम. वाचायला तिला शिकवलं ते बायकांच्या पाठींनी. कांगा गुंडाळला की ओळ बरोबर मागे येते, कमरेखाली. नेसणारीला ती दिसत नाही, मागून येणारीला चुकत नाही. प्रेम असो, टोमणा असो, सवतीचा हिशेब असो, सगळं तिनं असं चालता चालता वाचलं होतं.

"ओळ सुचली नाही तर विचारायचं. या घरात शब्दांचा दुष्काळ आहे का?"

"दुष्काळ नाही, आई. भीती आहे. नवी नवरी होते तेव्हाची."

तो दिवस म्हातारीही विसरली नव्हती.

रिझिकी घरात येऊन आठवडा झाला नव्हता. ओट्यावर बायका जमल्या होत्या. माहेरच्या, मकुंडुची गावच्या काकूनं दिलेला कांगा गुंडाळून नवी नवरी कॉफी वाटायला आली, कप दिले, आणि आत जायला वळली. तिच्या पाठीवर सगळ्यांनी एकदमच वाचलं: 'तुझ्या तोंडाला मी भीत नाही.' आशुराच्या नाकातून कॉफी आली. त्यानंतर सबंध रमजान म्वानाकोंबो सुनेशी मांजरीमार्फत बोलली. "मांजरे, तुझ्या मालकिणीला सांग, कालवणात मीठ नाही."

"काकूनं दिला, मी नेसले," रिझिकी म्हणाली. "मागचं मला कुठं दिसत होतं? आता काहीही लिहिलं तरी गल्ली म्हणणार, सासूलाच मारला टोमणा. त्यापेक्षा कोरा बरा."

"गल्लीचं राहू दे. तुला काय हवंय?"

रिझिकीनं पेला खाली ठेवला. "बायकांनी लग्नात नेसावा. एक आपण घ्यावा, जोडीतला दुसरा बहिणीला द्यावा. उशीसाठी नव्हता हो काढला मी, आई."

म्हातारीनं पाणी पिऊन पेला परत दिला. नमुना मात्र तिनं मांडीवरून काढला नाही.

दुपारची नमाज आटोपून तमीम आला. चपला ओट्याखाली काढता काढताच म्हणाला, "काय ठरलं, रिझिकी? कोराच ना? नमुना उद्याच्या बोटीनं दार-एस-सलामला छापायला जातोय."

रिझिकीनं मान खाली घातली. ती हो म्हणणार, इतक्यात समोरच्या खिडकीतून आशुरा ओरडली, "कोराच बरा, बाई! त्या घरात बोलायचं काम एकाच तोंडाला दिलंय!"

म्वानाकोंबो उठली. गुडघे कुरकुरले, त्यांनाही तिनं दोन शब्द सुनावले. नमुना झटकून आपल्या कमरेला गुंडाळला, कोरी पट्टी नीट मागे घेतली आणि आशुराच्या खिडकीकडे पाठ करून सुनेसमोर उभी राहिली.

"इकडे बघ, रिझिकी. काठ चांगला उतरलाय. माझ्या आईची वीण न विचारता उचललीस, ते मी मरेपर्यंत बोलून दाखवणार आहे. पण मुका कांगा या घरातून बाहेर पडायचा नाही. घे लिहून: 'सून माझी, घर माझं, तुमचं पोट का दुखतं?' आणि अक्षरं मोठी काढ. आशुराला लांबचं दिसत नाही."